बाळू कोनाचा?

३ मार्च १९७५, कामरगाव

नाटक आज पुरं झालं. सकाळच्या शाळेतून आले आणि जेवायच्या आधी शेवटचं पान लिहून टाकलं. माय म्हणे, "पयले खाऊन घे. तो बाळू कुठी पयून नाई जात."

खरंच नाही जात. तेच तर नाटक आहे. बाळू कंपाउंडर, साधा, जरा बावळट, दवाखान्यात पुड्या बांधतो. आणि गावातल्या चौघींचा त्याच्यावर जीव. सरू तेलघाणीवाल्याची, तोंडाची तिखट. मालन शेजारची, डबा ठेवून जाते, बोलत नाही. तिसरी नागपूरहून आलेली नर्सबाई. चौथी इंदू, नवऱ्यानं टाकलेली, माहेरी भावाच्या घरी राहणारी. शेवटी बाळू मालनला माळ घालतो. नाव ठेवलं "बाळू कोनाचा?"

शाळेत चौथीला शिकवणं, पोरींच्या वह्या तपासणं, घरचं पाणी भरणं, सगळं करून लिहिलं. दुसरं कोणी म्हणेल तेव्हा म्हणेल. मी म्हणते, चांगलं झालं.

५ मार्च

विहारामागच्या खोलीत आमच्या नाटक मंडळापुढं वाचलं. पोरं लोळून हसली. सायकल दुकानवाल्या देविदासला बाळू दिला, तो आताच बाळूसारखा घाम पुसत होता. बायांची कामं नेहमीसारखी पुरुषच करणार. इंदू करणार नारायणमामा, मायचा भाऊ. इतकी वर्षं मंडळाच्या प्रत्येक खेळात बाई तोच.

बाबा मंडळाचे अध्यक्ष. मध्येच उठून गेले. घरी आल्यावर:

"एक मानूस अन् चार बाया. ट्रेनिंगात हेच शिकवलं का तुले?"

"बाबा, चौघी आपल्या मनानं येते त्याच्याकडं. त्यानं कोनाले बोलावलं नाई."

"आपल्या मंडळानं शिक्षनावर खेळ केला, दारूवर केला. लोकाइनं काही घेऊन घरी जावं."

"लोक हासले ना पन."

"लोक तं पडनाऱ्यालेही हासते."

बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम होते, रात्रीच्या वर्गात अक्षरं शिकले, त्यांच्यासाठी कागद म्हणजे गंमत नाही. पण नाटक बंद करा असं म्हणाले नाहीत. म्हणाले, "करा. मी येनार नाई."

९ मार्च

तालीम. मामा मिशी काढून आला. आपल्याच घरी मामीनं ओळखलं नाही म्हणतो.

इंदूचं बाळूसमोरचं बोलणं दोनदा म्हणून घेतलं. तिसऱ्यांदा मामा थांबला. वाटलं विसरला. तर म्हणे, "शकू, मी जल्मभर बाई झालो. रडलो, पंखा हालवला, मार खाल्ला. बाईले येवढं बोलाले पयल्यांदा भेटून राह्यलं."

मी नुसतंच हो म्हटलं. घरी येताना रस्ता कमी पडला.

१४ मार्च

जुबेदाआपाकडं नर्सबाईचा पांढरा पोशाख शिवायला टाकला. देविदासच्या बाजूचंच घर, शिलाई मशीन ओट्यावर. गोष्ट सांगा म्हणाली, मशीन थांबवून ऐकली. मग:

"ऐसा है क्या गे उस बाळू में? चारों मरती उसपे."

"काहीच नाई आपा."

"वोईच अच्छा है. राजा रहता तो हम बोलते, जाने दो, राजा है. ये तो अपने घर का आदमी है, इसके पे भी कोई मरती बोलके मजा आता."

मी बाळूला साधा केला कारण साधाच माणूस मला माहीत आहे. आपाने त्यात दुसरंच पाहिलं. काल तालमीला हमाली करणारे तिघे भिंतीला टेकून बसले होते, सरू बाळूला शिव्या देते तेव्हा तिघांचे चेहरे असे की शिव्या त्यांनाच पडत आहेत आणि गोड लागत आहेत. त्यांना घरी कोणी कधी "तुमी मले आवडता" म्हटलं असेल का. माझ्या बाबांना तरी

जाऊ दे.

१७ मार्च

काल खेळ झाला. मैदान भरलं. मी पडद्यामागं, हातात कागद, पण सांगायची वेळ कमीच आली. सरू तेलाचा डबा आपटते तिथं हसू थांबेना, देविदास वाट पाहत उभा राहिला. मामाच्या इंदूला शिट्टी नाही, एकदम शांत. मी कागद खाली ठेवून ऐकलं.

आणि शेवट. बाळूनं मालनला माळ घातली. टाळ्या पडल्या, पण कशा, पाहुण्याला निरोप देताना देतात तशा. माईकवर सेक्रेटरी म्हणाला, "मंडळाचं नाटक." माझं नाव नाही. लागलं थोडं. लिहिते म्हणून लिहिते.

आज पाणी भरताना पंपावर बायांनी मला घेरलं. गावात चार पार्ट्या झाल्या आहेत. तरणी पोरं सरूची. सुना मालनच्या. जुबेदाआपा आणि शाळेतल्या बाई नर्सच्या. आणि म्हाताऱ्या सगळ्या इंदूच्या, बाळूला त्या बायूच म्हणतात. घराशेजारची कौसामाय माझ्याशी बोलेना. मी पाणी भरून दिलं तेव्हा म्हणाली, "त्या मालनले काय, आईबाप हाय, दुसरा भेटला असता. माह्या इंदूले कोन हाय? बायूले सांगजो." जसं काही बाळू सायकल दुकानात बसला आहे.

बसलाही आहे म्हणा. देविदास सांगत होता, पंक्चर काढायला येणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "मालन काहून? सरू काहून नाई?" पंक्चर नसलेलेही येऊन राहिले.

एकच तक्रार सगळ्यांची: बाकी चांगलं, शेवट बिघडवला.

१९ मार्च

रात्री खेळ म्हणून अर्ध्या बायांना घरून सोडलं नव्हतं. आज मंडळाची बैठक आमच्या ओसरीत. माय चहा घेऊन आली, कप ठेवले आणि आत गेली नाही. उभीच राहिली.

"बायाइसाठी दिवसा एक खेळ करा," म्हणाली.

बाबांनी वर पाहिलं. मायनं बैठकीत बोलणं हे आमच्या घरात पहिल्यांदाच.

"कोन म्हनते?"

"मी म्हनतो. अन् पंपावरच्या समद्या म्हनते. आमी नुसतं ऐकूनच भांडून राह्यलो, एक डाव पाहू तं द्या."

पोरं खाली पाहून हसली. बाबा म्हणाले, "ठराव मांडा." मांडला, झाला.

नंतर भांडी घासताना विचारलं, "माय, तू कोनाच्या पार्टीत?" म्हणे, "मी पाह्यलं कुठी अजून?" पण इंदूचं बोलणं तिला पाठ आहे. मी लिहिताना मोठ्यानं म्हणायचे, ती चुलीजवळ असायची.

२४ मार्च

काल दुपारचा खेळ. कामरगावच्या बाया, वाड्यावस्त्यांच्या बाया, कडेवर लेकरं, डोक्यावर पदर, उन्हात कनात बांधून. पुरुष मागं उभे, परवानगी मागितल्यासारखे.

शेवट मी बदलला होता. चौघी एकाच सकाळी दवाखान्यात येतात. सरू म्हणते, आज सांगा लागते. बाळू सगळ्यांकडं पाहतो, तोंड उघडतो, आणि पडदा.

त्याच्या आधी इंदूचं बोलणं. मामा पुढं आला. "मले कोनी कधी इचारलं नाई. बापानं दिलं तवा नाई, नवऱ्यानं टाकलं तवा नाई. आज मीच इचारून राह्यली." आणि थांबला, लिहिलंय तसा. तेवढ्यात मधून एक बाई शांतपणे म्हणाली, "इचार माय, इचार." कोण होती कळलं नाही. मामाला पुढचं वाक्य म्हणायला वेळ लागला. विसरला नव्हता.

पडदा पडला आणि कोणी उठेना. मग जो गलका. आपापसात भांडण, हसणं, एकीनं दुसरीचा दंड धरून सांगणं. पोरींना पाहायला येतात तेव्हा याच बाया आवाज न करता पडद्याआड उभ्या असतात. काल चौघी बोलत होत्या आणि बाळूची बोबडी वळली होती, हे त्यांना किती आवडलं ते मी कनातीच्या फटीतून पाहिलं. कोणतीच हरली नाही म्हणून प्रत्येकीची बाजू शाबूत.

मग माईक खरखरला. सेक्रेटरी असेल वाटलं. बाबा होते. कधी आले, कुठं उभे होते, मला पत्ता नाही. म्हणाले, "हे नाटक शकुंतलानं लिहिलं. मागच्या खेपेले नाव सांगाचं राह्यलं. ते माही पोरगी हाय."

एवढंच. माईक ठेवला.

मी पडद्यामागं मामाच्या लुगड्यात तोंड घालून उभी राहिले.

२५ मार्च

सकाळी बाबा दाढी करत होते. आपणहून म्हणाले, "मी समजलो चार बायाइचा तमाशा हाय. तो तं एका मानसाचा निंगाला."

"मंग आवडलं?"

"खेळ बरा हाय."

"बाबा, तुमी कोनाच्या पार्टीचे?"

"अध्यक्षाले पार्टी नसते."

दाढी झाली, तोंड पुसलं, टॉवेल दोरीवर टाकला. मग जाता जाता, "सरू."

माय आतून एवढी हसली की पीठ सांडलं. आज शाळेत जाताना मी ताठ चालत होते. पोरी म्हणाल्या, "बाई, आज तुमी उंच दिसून राह्यल्या."

३१ मार्च

काल मला पाहायला आले होते. मुलगा वाशीमचा, प्रभाकर, कोर्टात कारकून. सोबत आई आणि काका. मी पोहे दिले, बसले, खाली पाहिलं. मुलाची आई म्हणाली ही पाचवी. चार पोरी त्याला दाखवून झाल्या. मला हसू आलं, दाबलं. एक पुरुष आणि रांगेनं पोरी, फक्त इथं त्या बोलत नाहीत.

स्वयंपाक, शिवण, बदली होईल का, सगळं विचारून झालं. मग तोच म्हणाला, "तुमी नाटक लिहिलं म्हनते. त्यानं मंग कोनाले निवडलं?"

"नाई निवडलं."

"काहून?"

"एकीले निवडलं का बाकीच्या तिघी घरी जाते. लोकाइले ते पाह्यवत नाई."

त्यानं चमचा बशीत ठेवला. त्याची आई मध्येच, "लग्नानंतर हे नाटकाचं काही जमाचं नाई बरं." तो म्हणाला, "आई, ते मंग पाहू." ते कोणाच्या बाजूनं बोलला, नीट कळलं नाही. राग आला, पण पूर्ण नाही.

७ एप्रिल

वाशीमच्या मंडळानं बोलावलं होतं. कालच सगळं सामान बसच्या टपावर टाकून गेलो, नर्सबाईचा पोशाख जुबेदाआपा मांडीवर घेऊन बसली, टपावर ठेवू देईना. आपाही आली, "मेरी नर्स को कौन देखेगा."

आमच्या गावाबाहेर पहिला खेळ. अनोळखी माणसं. सरूच्या डब्यापर्यंत मी हातातले कागद उलटसुलट करत होते. मग हसले. वाशीमचेही तिथंच हसले जिथं आमचे हसतात. कागदावर माझं अक्षर आणि एवढ्या लांब

प्रभाकर पुढून तिसऱ्या रांगेत. फटीतून पाहिलं, कोणत्या पोरीला खुलतो ते. कोणत्याच नाही. सगळ्यात जास्त तो बाळूला हसला, आणि शेवटी पडदा पडायच्या आधी हसायचा थांबला.

खेळानंतर मामासमोरच माझ्याकडं येऊन उभा राहिला. म्हणाला, "पोरगी पाहाले गेलो का मी असाच बसतो. घाम येते. काय इचाराव समजत नाई. मले वाटे मीच येकटा."

"तुमी त्याच्यापेक्षा चांगले," मी म्हटलं. "तुमी शेवटी काहीतरी इचारलं."

मामा म्हणे, "चला, बस जाईन." बसला वेळ होता.

येताना खिडकीजवळ बसले. गाडीत देविदास आणि आपा भांडत होते, बाळू बोलला असता तर काय बोलला असता. ड्रायव्हरनं मान वळवून विचारलं, कोण बाळू.

११ एप्रिल

वाशीमहून निरोप आला. पसंत आहे. तारीख कळवा. नाटकाबद्दल एक अक्षर नाही.

बाबा निरोप वाचून माझ्याकडं पाहत बसले. माय दारात. मामाही आला होता, मिशी परत वाढवत आहे, खाजवते म्हणतो.

"तुहं काय?" बाबा म्हणाले.

हो म्हणावंसं वाटलं. खरं सांगते, वाटलं. त्याचं तिसऱ्या रांगेतलं थांबणं मनातून जात नाही. पण त्याच्या आईचं वाक्यही जात नाही, आणि "ते मंग पाहू" हेही. मी म्हटलं, "मले इचार करा लागते. अन् नाटकाचं त्यानं आपल्या तोंडानं सांगाव. त्याच्या आईनं नाई."

"पोरीवाल्यानं वाट पाहाले लावाची?" बाबा.

"लावू द्या ना भाऊजी," मामा. "कधीतरी."

बाबांनी पोस्टकार्ड काढलं, चष्मा लावला, ओसरीत पाटावर बसले. त्यांचं अक्षर मोठं, एका ओळीत चार शब्द बसतात. मला वाटलं काहीतरी सबब लिहितील, परीक्षा आहेत, घरात आजारी आहे. लिहून झाल्यावर वाळायला ठेवलं तेव्हा जाता जाता वाचलं.

"मुलीचा विचार सुरू आहे. ती कळवील."