अंगठ्याखालची दोन बटणं

दहिवली, कर्जत
रविवार, १९ जानेवारी २०२५

धन्या,

रामराम. आम्ही इकडे बरे आहोत, तुमचंही घर बरं असो. एकाच फॅक्टरीत रोज कार्ड पंच करणारा माणूस मोहोपाड्याला कुरियरने पत्र पाठवतोय म्हटल्यावर तू म्हणशील, वाल्मिकचं डोकं फिरलं. फिरलंय असंच समज, पण पत्र पुरतं वाच. माऊस वापरायला घेण्याआधी वाच.

मागच्या रविवारी निशिगंधा वहिनींचा आमच्या हर्षलाला फोन आला. काकांसाठी हजाराच्या आतला एक माऊस सुचव, तुला कंप्युटरातलं कळतं, म्हणाल्या. फोन स्पीकरवर होता, मी तिथंच चहा पीत होतो. स्टोअरमधली तुझी सहा महिन्यांची ट्रायल एकतीस तारखेला संपते, एन्ट्र्या वेळेत होत नाहीत, वेग आला नाही तर घरी बसावं लागेल असं साहेबांनी तोंडावर सांगितलंय, हे सगळं मी तेव्हा ऐकलं. उजव्या हाताची ती दोन बोटं गेल्यापासून तू डाव्या हाताने माऊस धरतोस आणि जेवणाच्या सुट्टीतही काम उरकत बसतोस, तेही तेव्हाच कळलं. माहीत नव्हतं असं लिहिणार होतो, पण खोटं कशाला? मी माहीत करून घेतलं नव्हतं. स्टोअरमधून काही आणायचं असलं की मी कायम दुसऱ्याला पाठवतो, हे तुझ्या ध्यानात आलंच असेल.

असो. माऊसचं सांगतो.

हर्षला आता इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि मैत्रिणींबरोबर कंप्युटरवर गेम खेळते. आमचे आजोबा बाजारात बैलाचे दात बघायचे, तशी ही दुकानात माऊस उलटा करून बघते. ती म्हणाली, साधा माऊस नको, गेमिंगचा घेऊ. मी खेकसलो, काकांना काय गोळ्या झाडायच्यात? तर तिने स्वतःचा माऊस माझ्या हातात दिला आणि अंगठ्याखालची दोन बटणं दाखवली. या बटणांना पाहिजे ते काम लावता येतं म्हणे. नेहमी पहिल्या बोटाने करायचं ते क्लिक पुढच्या बटणावर आणि दुसऱ्या बोटाने करायचं ते मागच्या बटणावर. अंगठा तर तुझा शाबूत आहे. मी गाडीची चावी घेतली आणि आम्ही शिळफाट्याला गेलो.

शारिकभाईचं दुकान तुला आठवत असेल, आधी मोबाईल रिपेरिंगचं होतं. त्याने आधी दिवेवाले माऊस काढले. सात रंग पळतात, अगदी गणपतीचं मखर. मग सोळा हजार डीपीआय म्हणून सांगायला लागला. म्हणजे हात जरा हलवला की बाण किती लांब पळतो ते. हर्षला म्हणाली, हजार-बाराशे पुष्कळ झाले, वरचं सगळं मिरवायला. एक जाळीदार होता, वजनाला हलका, पण तुमच्या स्टोअरमधली पावडर त्या भोकांतून आत जाईल म्हणून नको म्हटलं. बिनवायरीचाही नको, ऐन एन्ट्रीत सेल संपला तर कोण रडत बसणार?

राहिले चार. मी शारिकभाईकडून काळी चिकटपट्टी मागितली, उजव्या हाताची ती दोन बोटं दुमडून तळहाताला चिकटवली आणि एकेक माऊस धरून बघितला. तो आधी हसला. मग माझं तोंड बघून स्टूल पुढे सरकवलं आणि पाणी दिलं. अनामिका आणि करंगळीत पकडला तर दोन माऊस निसटतात, एकाची बटणं अंगठ्याला फार पुढे पडतात. चौथा हातात बसला. सातशेचा होता, घेऊन आलो.

आणि तिथं माती खाल्ली. घरी हर्षलाने बटणं लावून दिली, झकास चालली. तीन दिवसांनी सहज शिळफाट्याला गेलो आणि शारिकभाईच्या मशीनला तो लावला, तर अंगठ्याखाली काहीच होईना. सेटिंग माऊसमध्ये नव्हतं, आमच्या घरच्या कंप्युटरमध्ये राहिलं होतं. तुमच्या स्टोअरच्या मशीनवर बाहेरचं काही टाकायला बंदी, म्हणजे तुझ्या टेबलावर तो नुसता दगड झाला असता. शारिकभाईने कुरकुर न करता बदलून दिला. आता पाठवलाय त्याच्या पोटात स्वतःची मेमरी आहे. एकदा शिकवलं की कुठल्याही मशीनला लावा, विसरत नाही. मी तीन मशीनवर लावून खात्री केली आहे. साडेनऊशेला पडला.

सोबत आकड्यांचा छोटा कीबोर्ड आहे, तो हर्षलाचा जुना. डावीकडे ठेव. उजव्या हाताने माऊस, डाव्याने आकडे. तुझ्या एन्ट्र्या बहुतेक आकड्यांच्याच, तर वेग येईल असं तिचं म्हणणं आहे.

ती चिकटपट्टी मी दुकानातून आल्यावर काढली नाही. म्हटलं, बघू तर. सहा दिवस ठेवली, फक्त ड्युटीवर जाताना सोडायचो. शर्टाची बटणं लागत नाहीत. गाडीचा ब्रेक नीट धरता येत नाही. वरणभाताचा घास तोंडापर्यंत येईतो निम्मा ताटात. धन्या, मी सहा दिवसांत ताटावर चिडलो, बायकोवर चिडलो, आणि तू सतरा महिने काढलेस.

काल रात्री जेवताना हर्षला माझ्या हाताकडे बघत होती. आपण अलिबागला गेलो होतो तेव्हा तू अर्ध्या रस्त्यातून गाडी मागे वळवलीस, गॅस बंद केलाय का ते बघायला, ते तिला आठवलं. मग मला म्हणाली, "पप्पा, धनेशकाका तर माझ्या सायकललापण दोन कुलपं लावायचे. ते कार्ड लावायला विसरले, हे तुमाला तरी पटतं का?"

मी ताट बाजूला सारलं. मी तिला सगळं सांगितलं. आता तुला सांगतो. तुला सांगायचं म्हणून तर माऊसचं एवढं लांबवलं.

सतरा ऑगस्टला तू कन्व्हेयरचं झाकण उघडून आत अडकलेला पावडरीचा गठ्ठा काढत होतास. पॅनलच्या स्विचवर तुझं लाल कार्ड टांगलेलं होतं. काम चालू आहे, स्विच लावू नये. ज्याने कार्ड लावलं त्यानेच ते काढायचं आणि खाली सही करायची, हा नियम आपण दोघांनी मिळून नव्या पोरांना शिकवलाय. माझी बॅच बाकी होती आणि मला तीनची बस चुकवायची नव्हती. एकदा हाक मारली, तुझी ओ आली नाही, वाटलं हात धुवायला गेलास. मी तुझं कार्ड काढलं, खिशात टाकलं आणि स्विच लावला.

चौकशीत विचारलं, स्विचवर कार्ड होतं का? मी म्हणालो, नव्हतं. बाकी सगळं त्यांनी लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा. तू सांगत होतास की लावलं होतं, तर तुलाच विचारलं की मग कार्ड कुठंय. कार्ड माझ्या कपाटात होतं, मोटारपंपाच्या कागदांखाली. पोरांवर देखरेखीची तुझी चार्जहँडची जागा मला मिळाली आणि मी ती घेतली. घरी पेढेपण आणले.

तुला माहीत होतं का रं? हॉस्पिटलात तू माझ्याकडे बराच वेळ बघितलंस आणि पाणी मागितलंस. पुढे कधी एका शब्दाने विचारलं नाहीस. तू विचारत नाहीस याचाच मला राग यायचा, बघ माझी मजल. मला लाज वाटते, धन्या. फार वाटते.

उद्या सकाळी मी सेफ्टीच्या साहेबांना लेखी जबाब देणार आहे. त्याची प्रत या पत्रामागे टाचली आहे. तुझ्या फायलीतला तो शेरा पुसला गेला की तुला ट्रायलवर ठेवायला त्यांना तोंड राहणार नाही. माझ्या नोकरीचं काय व्हायचं ते होवो. हर्षला काल अर्ध्या ताटावरून उठून गेली. आज सकाळी मात्र तिने माऊसची दोन्ही बटणं पुन्हा तपासली आणि खोकं स्वतः बांधलं.

माऊस ही भरपाई नाही. हजाराच्या आत बसवला आणि वहिनींकडून पैसे घेतले ते यासाठीच की माझं फुकट दिलेलं तू परत केलं असतंस. माफी मागत नाही. दे म्हणायला मला जागा नाही.

माऊस उचलला की त्याच्या खाली पुठ्ठा आहे, पुठ्ठ्याखाली तुझं लाल कार्ड. मी साहेबांना फक्त त्याचा फोटो देणार आहे. मूळ कार्ड तुझ्याजवळच ठेव, कुणालाही देऊ नकोस. साहेबांचा भरवसा नाही आणि माझा तर तुला आता नसावाच. कार्डावर खालची एक ओळ सतरा महिने रिकामी होती. ती आज भरली, तीच इथं लिहितो.

कार्ड लावणारा : धनेश, १७ ऑगस्ट २०२३, दुपारी २.२०
कार्ड काढणारा : वाल्मिक