चातुर्मासातला सोनटक्का

बोदवड,
३० ऑगस्ट २०२५

प्रिय कुंदास,
राजकुंवरचा जय जिनेंद्र वि. वि.

संवत्सरी पार पडली. वर्षभरात माझ्या बोलण्याने, वागण्याने, मनातल्या मनात काढलेल्या उण्यादुण्याने तू दुखावली असशील तर खमतखामणा. आमचा पुनीत हीच क्षमा मोबाइलवर सगळ्या व्यापाऱ्यांना एका दमात पाठवतो. तुला फोनवर ऐकू येत नाही हे एका परीने बरंच. त्यामुळे साक्रीची माझी मैत्रीण पत्राने तरी टिकली.

मोरीकडचा सोनटक्का फुललाय. माझ्या लग्नात तू फडक्यात गुंडाळून एक गड्डा दिला होतास, आता तिथे रान माजलंय. काचबिंदूने ह्यांची नजर गेल्यापासून हे संध्याकाळी मागच्या अंगणात खाट टाकून बसतात. मीही कामं आटोपून टेकते. दिवसभरात तेवढाच वेळ ह्यांचा चेहरा सैल असतो.

पण स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल आली. रुपचंद मिस्त्री मागचं सगळं उकरून फरशी टाकणार आहे. बेत पुनीतचा, आणि त्याचं चुकत नाही, चुना खरोखरच हातात येतो. आधी गड्डे काढून कुंडीत लावावेत, तर ह्यांनी आणि मी चातुर्मासाचा नेम घेतलाय. कार्तिकी पौर्णिमेपर्यंत जमीन खणायची नाही, कंद उपटायचा नाही. ह्यांचा तेवढाच आनंद जाणार. असो.

पितांबरभाऊंना नमस्कार. लोभ आहे तसा असू दे, कानाचं मागून बघू.

तुझी,
राजकुंवर

---

साक्री,
८ सप्टेंबर २०२५

प्रिय राजूस,
कुंदाचा सप्रेम नमस्कार वि. वि.

क्षमा केली. फक्त मागच्या खेपेला माझ्या वरणबट्टीला तूप कमी म्हणालीस, त्याची नाही केली. ती पुढच्या संवत्सरीला.

तुमची पण कमालच आहे बाई! फूल तोडायचं नाही, कंद खायचा नाही, आणि आता वाचवायचाही नाही. मग लावलास कशाला म्हणते मी? नेम तुम्हा दोघांचा आहे ना, मग चेलनाला सांग. सूनबाईने काय घोडं मारलंय? नाहीतर मीच खुरपं घेऊन येते. मयुरीच्या सासरी पिंप्राळ्याला जायचंच आहे, तिथून बोदवड ते काय लांब. आमचा सोनटक्का दुष्काळाच्या सालात वाळून गेला, नाहीतर इथूनच गड्डे दिले असते. म्हणजे आता तुझ्याकडे आहे तेवढाच.

काल गुलाबाई बसली. नात आणि तिच्या मैत्रिणी गाणी मोबाइलवर लावतात आणि आपण नुसत्या टाळ्या पिटतात. खिरापत ओळखायला मात्र सगळ्या पुढे.

तेवढं हो म्हण, बाकी माझ्यावर सोड. लोभ कर, पण जरा स्पष्ट कर.

तुझी,
कुंदा

---

बोदवड,
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय कुंदास,
जय जिनेंद्र वि. वि.

हो म्हणता येत नाही गं. आपण करायचं नाही, दुसऱ्याकडून करवायचं नाही, आणि कुणी आपणहून केलं तर बरं झालं असंही म्हणायचं नाही. असा तिहेरी नेम आहे. चेलनाला सांगणं म्हणजे करवणंच झालं. तेव्हा तू मुळीच येऊ नकोस.

आता दुसऱ्या बातम्या. रुपचंद बावीस तारखेला सोमवारी येतोय. मी रोज सकाळी स्थानकात महाराजसाहेबांच्या व्याख्यानाला जाते ती जेवायलाच परतते. चेलना शाळेत शिकवायला, पुनीत दुकानात. मागच्या फाटकाला कडी आहे, कुलूप नाही.

हे पत्र ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, फाटकाची बातमी जरा जास्तच झाली. मी म्हटलं, बातमी ती बातमी. मग त्यांनी रुपचंदची तारीख पुन्हा विचारून घेतली.

लोभ असू दे. गुडघ्यांनी जीव खाल्लाय, जिना तर मी सोडूनच दिला.

तुझी,
राजकुंवर

---

बोदवड,
२७ सप्टेंबर २०२५

प्रिय कुंदास,
जय जिनेंद्र वि. वि.

गेल्या शनिवारी व्याख्यानाहून आले आणि मागे गेले. मोरीकडची जागा उकरलेली, पानांचा ढीग फाटकाशी, गड्डा एकही नाही. मला आनंद झालेला नाही. पुन्हा लिहिते, मला आनंद झालेला नाही. चेलना म्हणाली, मम्मी, तुम्ही गुणगुणताय. मी म्हटलं, घसा साफ करतेय.

त्याच दिवशी ह्यांच्या पायजम्याचे गुडघे चिखलाने बरबटलेले. म्हणे मोरीत पाय घसरला. दिसत नाही तर एका जागी बसावं ना! मी तोंडाचा पट्टा सोडला, ते ऐकून घेत राहिले. दुसऱ्या दिवशी ताटावर येईनात. म्हणे उपवास आहे. कसला, तर म्हणे, आहे एक. वय झालं की माणूस हट्टी होतो.

रुपचंदने फरशी टाकली. अंगण अगदी दवाखान्यासारखं स्वच्छ झालंय. हे आता तिथे बसत नाहीत, संध्याकाळी कठडा धरून गच्चीवर फेऱ्या मारतात. मी खालीच असते.

पत्र लिही. काय लिहायचं ते तुझं तू ठरव, लोभ तेवढा राख.

तुझी,
राजकुंवर

---

बोदवड,
६ नोव्हेंबर २०२५

प्रिय कुंदास,
जय जिनेंद्र वि. वि.

दसरा गेला, दिवाळी गेली, तुझी एक ओळ नाही. तब्येत बरी आहे ना? मयुरीला फोन केला तर ती म्हणाली, आई ठणठणीत आहे, फक्त गप्प असते. तू आणि गप्प!

काल कार्तिकी पौर्णिमा झाली, नेम सुटला. आता तोंड उघडून मागते. माझा सोनटक्का पाठव. सगळा नको, कोंब असलेला एखादा तुकडा दे. नळाजवळ टब मांडून ठेवलाय. ह्यांना सांगितलेलं नाही, एकदम वासच येऊ दे.

आणि इतके दिवस जे गिळून बसले ते आज लिहिते. कुंदा, तू आलीस ते बरं झालं. फार फार बरं झालं.

लोभ उतू चाललाय, सांभाळून घे.

तुझी,
राजकुंवर

---

साक्री,
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय राजूस,
कुंदाचा नमस्कार वि. वि.

गड्डे माझ्याकडे नाहीत.

मी आले होते, खोटं नाही. मयुरीला देवदर्शनाचं सांगून, पिशवीत खुरपं घालून शनिवारी गाडीत बसले. तुझ्या घराचं मागचं फाटक उघडलं, तर जागा आधीच उकरलेली आणि पानांचा ढीग पडलेला. वाटलं, मिस्त्री लवकर आला आणि गड्डे फेकून दिले. पार उकिरड्यापर्यंत जाऊन पाहून आले. परतताना गाडीत रडू आवरेना, शेजारच्या बाईने पाणी दिलं.

घरी येऊन लिहिणारच होते, तेवढ्यात तुझं पत्र आलं, मला आनंद झालेला नाही म्हणून. त्या कागदात इतका आनंद भरला होता की खरं लिहायची माझी छाती झाली नाही. धुळ्याच्या नर्सरीतून सोनटक्क्याची रोपं आणून ठेवलीत. तुझीच म्हणून पाठवणार होते. आमचे हे म्हणाले, वास तोच येईल, कुणाला कळतंय. पण तुला फसवून मी झोपू कशी?

राजू, माले माफ कर. तुझी संवत्सरी भाद्रपदात झाली, माझी आज. मिच्छामि दुक्कडम् असंच म्हणतात ना?

लोभ शिल्लक असला तर लिही.

तुझी,
कुंदा

---

बोदवड,
२० नोव्हेंबर २०२५

प्रिय कुंदास,
राजकुंवरचा जय जिनेंद्र वि. वि.

 तुझं पत्र नेहमीप्रमाणे ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. संपल्यावर हे उठले आणि म्हणाले, गच्चीवर चल. मी म्हटलं, माझे गुडघे. तर म्हणाले, हात धर, मी नेतो. ज्यांना दिसत नाही त्यांनी मला जिना चढवला बाई.

पाण्याच्या टाकीमागे तेलाचे रिकामे डबे मांडलेत. त्यात माती, आणि मातीतून सोनटक्का हातभर वर आलाय.

त्या शनिवारी मी स्थानकात गेल्याबरोबर ह्यांनी गुडघ्यावर बसून, चाचपत, सगळे गड्डे हातांनी काढले होते. बादलीतून एकेक खेप वर नेली. तुझं फाटक वाजलेलं त्यांनी गच्चीवरून ऐकलं. कुंदाबाई, कुंदाबाई अशा हाकाही मारल्या. पण तुला कुठलं ऐकू यायला!

मी विचारलं, नेम तर तुमचाही होता, कुंदा येणार हेही ठाऊक होतं, मग कशाला? तर म्हणाले, फाटकाची बातमी तू दिली होतीस. कुंदाबाईंनी खणलं असतं तर निम्मा दोष तुला लागला असता. मी न सांगता खणलं, म्हणजे सगळा माझा. तो उपवास त्याचाच, महाराजसाहेबांपाशी दोष कबूल करून, आलोयणा घेऊन केलेला. आणि मी त्यांना चिखलावरून बोल बोल बोलले होते. पौर्णिमेनंतर तरी सांगायचं, तर म्हणे, जगला का मेला ते हाताला नीट लागू दे म्हटलं.

मी रडले. म्हटलं, वासासाठी एवढं? तर हसले. म्हणाले, वासाचं काय, सर्दीने माझं नाक निम्मं वर्ष बंदच असतं. तू शेजारी टेकून सांगायचीस, आज या बाजूची दोन उमलली, आज कोपऱ्यातली कळी फुटेल. एरवी तू माझ्याशी औषध आणि जेवण सोडून बोलतेस काय?

खरं आहे गं. 

तुझी नर्सरीतली रोपं तुझ्या विहिरीपाशी लाव. भाद्रपदात ये, पुढच्या दाराने ये, हाक मारून ये.

मी आता रोज संध्याकाळी जिना चढते, मध्ये दोनदा टेकते. फुलांना अजून वर्ष आहे. तोवर मी ह्यांना पानांचं सांगते.

लोभ होता तिथेच आहे, फक्त एक मजला वर गेलाय.

तुझी,
राजकुंवर