दंडावरचं बटण

सोमवार, ३ मार्च

मारलं. पुन्हा! आधी कानाखाली, मग पाठीत गुद्दे. कारण काय, तर साडेसातला माझी साखर एकशे ऐंशी. दंडावर चिकटवलेलं हे रक्तातली साखर मोजणारं बटण मिनिटामिनिटाला नवऱ्याच्या मोबाइलवर माझी चहाडी करतं. "चोरून काय गिळलंस? आकडा खोटं बोलत नाही!" देवाशपथ, दुपारपासून पाण्याशिवाय पोटात काही नव्हतं.

बुधवार, ५

बाजारहाट. पाकिटावर मोबाइल धरायचा. हिरवं आलं तर पिशवीत, लाल आलं तर परत फळीवर. माझ्या रक्ताला बटाटा लाल, केळं लाल, पाव लाल. अंडी तेवढी हिरवी. गल्ल्यावरची बाई म्हणाली, "ताई, रोज तेच तेच खाऊन कंटाळा नाही येत?" हसायला गेले तर फुटलेला ओठ पुन्हा उकलला.

शुक्रवार, ७

आता ठकीच्या दंडावरही बटण! आठ वर्षांची माझी लेक. "तुझंच रक्त आहे, आताच लगाम घातलेला बरा," म्हणे. सुई टोचली तेव्हा ती रडलीसुद्धा नाही. मेल्याचे हात झडोत!

सोमवार, १०

लॉन्ड्रीतल्या कामावरून आल्या आल्या मी ठकीचं दप्तर उलटं करते. आज बिस्किटं निघाली. लाल! दिल्या दोन ठेवून. गाल सुजला. पण त्याच्या गुद्द्यापेक्षा आईची चापट बरी. शिकेल हळूहळू.

मंगळवार, ११

काल रात्री त्याने मनगट पिरगाळलं. कट्कन आवाज आला. दवाखान्यात सांगितलं, जिन्यावरून पडले. प्लास्टर घालताना नर्सबाईंनी बटण पाहिलं, मोबाइलवरचा आलेख पाहिला आणि उठून दार लावून घेतलं. "नुसत्या खाण्यानं नाही हो, भीतीनंही साखर चढते."

मी आलेख एकेक दिवस मागे सरकवला. रोजचा चढ सातला – त्याचे बूट जिन्यात वाजतात तेव्हा! बूट वाजले की साखर चढणार, चढली म्हणून तो मारणार, मारलं की आणखी चढणार. आणि मी वेडी आरशात दात तपासत होते, खरंच काही खाल्लं की काय!

बुधवार, १२

नर्सबाईंनी एका घराचा पत्ता दिलाय. बायकांना लेकरांसकट ठेवून घेतात. तक्रारही तेच लिहून घेतात, पुरावा मात्र आपण न्यायचा. आहे की माझ्याकडे! माझा आलेख आहे, उद्या ठकीचाही काढते. बाप कसा आहे ते पोरीचं रक्तच सांगेल. उद्या दुपारी निघायचं. ठरलं म्हणजे ठरलं!

गुरुवार, १३

ठकीचा आलेख काढला. सातला जरासा उंचावतो, बस्स. मोठा चढ चारला. रोज, न चुकता चारला. चारला तो घरात नसतो. चारला मी येते.