वारुळावरील फवारणी रविवारपर्यंत थांबविणेबाबत

दि. ७ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. उद्यान अधीक्षक,
टेकडी उद्यान देखभाल कक्ष,
सीबीडी बेलापूर, नवी मुंबई.

विषय: नेरूळच्या टेकडी उद्यानातील वारुळावर होणारी फवारणी रविवारपर्यंत लांबविणेबाबत.

संदर्भ: आपल्या कक्षाकडून वारंवार आलेला "तक्रार निकाली" हा संदेश.

महोदय,

१. मी निवृत्त शिक्षिका असून माझी शाळेतली जुनी सहकारी जैनब हुर्जुक हिच्यासोबत तीन पावसाळे या उद्यानातील रानटी बुरशी व अळंबी यांची पाहणी करीत आहे. जैनब मूळची श्रीवर्धनकडची. कल्पना तिची, चपला माझ्या झिजल्या.

२. पाहणीचा अहवाल आपणांस द्यावा असे आम्हांस वाटले. आपल्या संकेतस्थळावर पाहणीसाठी रकानाच नाही. "तक्रार – उद्यान – कीड व बुरशी" हा त्यातल्या त्यात जवळचा, म्हणून त्याखाली अहवाल भरला. दुसऱ्याच दिवशी उंबराच्या ओंडक्यावरील केशरी बुरशी ओंडक्यासकट उचलून नेण्यात आली.

३. ही तक्रार नसून कौतुक आहे, असे मी लेखी कळविले. त्याची नोंद "स्मरणपत्र" अशी झाली व कामास वेग आला. आम्ही लिहिलेल्या क्रमानेच एकेक जागा साफ होत गेली. आमच्या सोसायटीसमोरचे उघडे गटार कित्येक वर्षे तसेच आहे. त्या तक्रारीस हे भाग्य लाभले नाही. आपले पर्यवेक्षक श्री. सनी यांनी मला धीर दिला, "मॅडम, टेन्शन नका घेऊ, एक पन बुरशी ठेवनार नाय." माणूस मनाने चांगला आहे, त्यामुळे भांडताही येत नाही.

४. आता अहवालातील शेवटची जागा उरली आहे: मागच्या कुंपणाजवळचे वारूळ. नारळी पौर्णिमेच्या आगेमागे त्यावर पांढरी अळंबी फुटतात व चार-पाच दिवसांत विरून जातात. आज पहाटे ती फुटू लागली आहेत. तेथील फवारणी "या आठवड्यात" होईल, असा संदेश काल आला.

५. जैनबचा आजार आता बरा होण्यातला नाही. नजरही अंधुक झाली आहे. लहानपणी तिची आई अशीच अळंबी रांधायची. ती एकदा उगवलेली पाहायची, एवढेच तिचे मागणे. तिचा मुलगा फराज तिला रविवारी व्हीलचेअरवरून आणणार आहे.

तरी वारुळाचे काम रविवारपर्यंत करू नये. जो विलंब नागरिकांस न मागता मिळतो, तो मी हात जोडून मागत आहे. मिळेल असे वाटत नाही, तरी लिहिल्यावाचून राहवत नाही.

आपली नम्र व थकलेली अर्जदार,
श्रीमती वैजयंती मधुकर सामंत
नेरूळ, नवी मुंबई

सोबत: काहीही जोडलेले नाही. जोडलेल्या प्रत्येक फोटोवर कार्यवाही होते.

ता. क. (सोमवार, ११ ऑगस्ट): शुक्रवारी आवक खिडकी बंद होती, म्हणून अर्ज आज देत आहे. फवारणी शनिवारी झाली. रविवारी जैनब आली तेव्हा अळंबी नव्हती, वारुळावर आपल्या माणसांनी टाकलेली पांढरी पावडर होती. तिने बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "वैजू, केवढी फुटलीत गं यंदा!" मी हो म्हटले.

संकेतस्थळ विचारत आहे, आपले समाधान झाले का? जैनबचे झाले, अशी नोंद घ्यावी.