बी, एफ, जे, पी, व्ही

४ मार्च, सोमवार
दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्या कारखान्यात स्टोअर सांभाळतोय त्याला एकोणीस वर्षं झाली. आज पहिली चूक झाली. निदान कळलेली पहिली.
इंग्रजीचे पाच स्वर संपत आले होते. ए, ई, आय, ओ, यू. तयार अक्षरं, एकूण तीनशे मागवली. आज खोकं उघडलं तर बी, एफ, जे, पी आणि व्ही. छापील तक्त्यात अक्षरांसमोर आकडे भरताना धरलेली पट्टी एक ओळ खाली सरकली असणार. तक्ता मी भरला होता. टायपिंगच्या ताईंनी तो जसाच्या तसा टाइप करून पाठवला. माल परत घेत नाहीत. नवा यायला तीन आठवडे.
उद्या सकाळी मालकांना सांगायचं. नक्की.

५ मार्च, दुपारी
सांगायला गेलो, तर मालक आधीच ताईंवर कडाडत होते. अकरा वर्षं टायपिंग करताय, ए कुठला आणि बी कुठला तेवढंही दिसत नाही का म्हणे. ताई म्हणाल्या, माझीच नजर चुकली असेल, हल्ली डोळे फार चुरचुरतात. एवढ्या तापलेल्या वातावरणात मध्ये तोंड घालणं बरं दिसलं नसतं.
मालकांनी शेवटी बजावलं : सोळा तारखेपर्यंत ही अक्षरं खपली तर ठीक, नाहीतर ताईंनी दुसरीकडे काम बघावं. त्यांच्या घरात कमावत्या त्या एकट्याच.
जेवताना ताईंनी विचारलं, भाऊ, तुमचा तो तक्ता आहे का हो, ताडून बघते. शोधतो म्हणालो. तक्ता माझ्या वरच्या खिशात होता.

५ मार्च, संध्याकाळी
देवापुढे बसलो. विचारांती मार्ग दिसला. ही अक्षरं ज्यांत जास्तीत जास्त येतात असे इंग्रजी शब्द शोधायचे आणि गिऱ्हाइकांच्या गळ्यात घालायचे. आधी अक्षरं खपवायची, मग कबुली. म्हणजे ताईंची नोकरी वाचेल आणि कबुलीलाही शोभा येईल.
तक्ता फाडला. जुने कागद साठवू नयेत.

७ मार्च, गुरुवार
मुलीची डिक्शनरी घेतली. गावच्या शाळेत इंग्रजी पाचवीत सुरू झालं आणि माझ्यापुरतं सातवीत संपलं, त्यामुळे पहिल्यापासून वाचतोय. ती म्हणाली, बाबा, डिक्शनरीचं पारायण करत नाहीत. बायको म्हणाली, करू देत, देवापुढे बसून टाकतात तेवढे उसासे निदान इथे टाकत नाहीत.
‘फ्लफ’ सापडला. म्हणजे मऊ कापूस. एका शब्दात तीन एफ! डोळ्यांत पाणी आलं. उशा विकणारा लगेच तयार झाला. त्याची तीन दुकानं. नऊ एफ गेले.

९ मार्च, शनिवार
कुरिअरवाल्याला ‘एक्सप्रेस’ हवं होतं. त्यात ईच ई. त्याला ‘जिफी’ पटवून दिलं. एक जे, दोन एफ. म्हणजे काय, असं त्याने विचारलं. म्हणालो, चुटकीसरशी. त्याच्या पाच शाखा. पावडर-लिपस्टिकवाल्या बाईंना ‘पफ’, दोन पाट्या. शिंप्याला ‘कफ’ सुचवला. तो म्हणाला, साहेब, मी कपडे शिवतो, खोकल्याचं औषध विकत नाही.
तीस अक्षरं खपली. ताईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, भाऊ, माझ्या चुकीपायी तुम्हाला केवढा त्रास. मी म्हणालो, चालायचंच.

११ मार्च
ताई डोळे तपासून आल्या. डॉक्टर म्हणाले, नजर चांगली आहे. तरी त्या चष्मा करून घेणार आहेत. माझं मन दिवसभर लागलं नाही. पण देवाला सगळं ठाऊक आहे, म्हणजे एका अर्थी कबुली झालेलीच आहे. राहिलेत ते फक्त मालक.

१३ मार्च, बुधवार
एक अडचण लक्षात आली. इंग्रजी शब्द कितीही चांगला शोधला तरी त्यात एखादा स्वर लागतोच. एफ खपवताना शिल्लक राहिलेले यू आणि आयही खपले. ‘व्ही’साठी तर अजून एकही शब्द जमलेला नाही. जो सापडतो त्यात ई असतो.

१४ मार्च, गुरुवार
आज नर्सिंग होमची मोठी पाटी अडली. यू नाही, आय नाही. काम दुसऱ्या कारखान्याकडे गेलं. मालकांनी ताईंना बोलावून सगळ्यांसमोर वाटेल ते सुनावलं. त्या नव्या चष्म्यातून जमिनीकडे बघत होत्या. मी स्टोअरमध्ये जाऊन पी मोजत बसलो. पन्नास होते, आता अठ्ठेचाळीस.
उद्या सांगायचं. शब्दांची वाट बघायची नाही.

१५ मार्च
मालक बाहेरगावी. हे माझ्या हातात नव्हतं.

१६ मार्च, शनिवार, संध्याकाळी
सकाळी ताईंचा हिशेब झाला. दुपारी त्या टेबलाचे खण रिकामे करून गेल्या. चार वाजता मी मालकांच्या खोलीत गेलो, दार लावलं आणि सगळं सांगून टाकलं. पट्टी सरकली, तक्ता मी भरला, ताईंचा काडीचाही दोष नाही.
मालकांनी उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, देवभोळा माणूस म्हणून तुम्हाला ओळखत होतो, पण दुसऱ्याचं पाप अंगावर घ्याल असं वाटलं नव्हतं. अहो, त्या बाईंनी स्वतः कबूल केलंय. मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, पुरे आता, घरी जा.
मी तिसऱ्यांदा सांगायला हवं होतं. घरी आलो.
आत्ता ताईंचा फोन आला. मालकांनीच त्यांना कळवलं म्हणे. ताई रडत होत्या. सख्ख्या भावानेही माझ्यासाठी एवढं केलं नसतं, म्हणाल्या.
मी म्हणालो, त्यात काय ताई.