दाढीचा ब्रश

तीर्थरूप बाबा,

गेल्या महिन्यात दुकानात माझ्या हातून मास्तरांच्या कानाची पाळी कापली गेली. "असू दे, दुसरा कान आहे," ते म्हणाले आणि सगळे हसले. मी वस्तरा पुसून मुलीच्या हातात दिला.

माझाही हात आता तुमच्यासारखाच थरथरतो. दाढी ती करते. मी फक्त फेस लावतो. हात आपोआप हलत असल्यामुळे फेस दाट होतो. गिऱ्हाइकं माझ्याकडूनच लावून घेतात. बरं चाललंय.

तुमच्या हातातून मी वस्तरा चारचौघांत हिसकावला होता. त्यानंतर शेवटपर्यंत तुम्ही घरात भिंतीकडे तोंड करून बसलात. ब्रश तेव्हाही आरशाखालीच होता. तो तुम्हाला द्यायचं सुचलं नाही, असं लिहिणार होतो. सुचलं होतं, गिऱ्हाइकांपुढे तुमची लाज वाटली.

अक्षर थरथरलंय, चालवून घ्या.

तुमचा,
धाकटा