वरच्या वाडीचा झरा आणि माझे विहिरीचे शेत

मी, रखमाजी बिन गेणू शेलार, वय अजमासे पासष्ट, रेल्वेच्या पंपावरून निवृत्त झालेला पंपवाला, राहणार लोणावळे. छातीने दगा दिला आहे, डोके अजून जागेवर आहे. कोणी शिकवले म्हणून नव्हे, स्वखुशीने हे लिहून ठेवतो.

१. राहते घर माझा एकुलता मुलगा मारुती यास. माझे पाने आणि हातोडीही त्यालाच. गंजू देऊ नयेत.

२. मेहुणा दत्तोबा याने नेलेली घोंगडी परत मागू नये. त्याला ऊब मिळो. लाज तर कधी वाटली नाही.

३. डोंगराच्या पायथ्याचे विहिरीचे शेत माझ्या स्वतःच्या कमाईचे आहे. ते वरच्या ठाकरवाडीतील बाया, मयत शिदू ठाकराची बायको, हिला दिले. ताबा आजपासून. वाडीतल्या कोणालाही पाणी भरताना अडवू नये. त्या विहिरीवर पंप कधीही बसवू नये.

कारण लिहितो. १९११ साली रेल्वेचा साहेब इंजिनांसाठी बारमाही पाणी शोधत होता. वाडीच्या वर वैशाखातही न आटणारा झरा होता. तो वाडीबाहेर मला एकट्याला ठाऊक, कारण शिदू माझा मैतर. साहेबाला मी तिथे नेले. पाइप पडला, टाकी बांधली, मला कायमची नोकरी लागली. इंजिने भरून उरलेल्या पाण्याचा नळ बाजारपेठेत आला तेव्हा लोकांनी मला फेटा बांधला आणि मी मिरवलो. वाडीला मात्र थेंब उरला नाही. पुढच्याच वैशाखात शिदूची नऊ वर्षांची चिंगी घागर घेऊन दरीत उतरली, पाय घसरला आणि ती मेली. मी भेटायला गेलो तर शिदू म्हणाला, "पानी दावलं म्या. इकलंस तू." नंतर मरेपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही. त्याचे काही चुकले नाही.

मारुती म्हणतो, "आबा, घरची हीर वाडीला देता व्हय?" व्हय. तू त्यांच्याच पाण्यावर वाढलास.

४. माझा जीव जाऊ लागला की तोंडात पाणी मारुतीने घालावे. पण ते बायाने आपल्या हाताने काढून दिलेले असावे. मागून आणावे, हट्ट करू नये. आज तिला विचारायला माणूस पाठवला होता. "बगू," एवढेच म्हणाली. तिने नाही म्हटले तर नळाचे पाणी घालू नये. मला कोरड्या तोंडाने जाऊ द्यावे.

सही: रखमाजी गेणू शेलार

साक्षीदार:
हौशीराम धोंडू गराडे, सही
येसू ठाकर, वरची वाडी, डाव्या हाताचा अंगठा

मुक्काम लोणावळे, ता. ११ मे १९३४